चिमणीचं तोंड

सहकारी बँकेचे मॅनेजर परचुरे बुधवारच्या बाजारातून गेले तेव्हा मी मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करत होते. गेले म्हणजे घोडीवरून गेले. अंग मागे रेललेलं, दोन्ही हातांनी लगाम पार छातीपर्यंत ओढलेला, टोपी केव्हाच वाटेत पडलेली, आणि तोंडानं एकच धोशा, "थांब! अगं थांब! थांब म्हणतोय ना!"

घोडी मात्र अशा देखण्या चालीनं चालली होती, की त्यांच्या खिशातलं पेनसुद्धा हललं नसेल.

"मॅनेजरसाहेब चांगलेच तयार झाले की गं," भाजीवाली पारूबाई कौतुकानं म्हणाली.

"साहेब, लगाम सोडा! सोडून द्या!" मी मागून ओरडले.

परचुऱ्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बुडत्याला कोणी ओंडका सोड म्हणावं तशी ती नजर होती. त्यांनी लगाम आणखी ओढला. घोडी आणखी वेगात निघाली. कासार आळी गेली, मारुतीचं देऊळ गेलं, आणि ओढ्यावरच्या पुलापाशी परचुऱ्यांचे हात भरून आले. लगाम सुटला. त्या क्षणी घोडी जागच्या जागी उभी राहिली, खांब रोवल्यासारखी. परचुरे मात्र तसेच थोडे पुढे गेले. पुढे मोसंब्यांचा ढीग होता.

घोडी आमची होती. नाव चिमणी. अंगानं लहानखुरी, रंगानं भुरी, भीमथडीच्या जुन्या रक्ताची. माझ्या वडिलांनी, आबांनी, तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. दौलतराव खलाटे हे नाव नीरेकाठच्या आमच्या त्या संस्थानी गावात एकेकाळी घोड्यांसाठी घेतलं जाई. आबा संस्थानच्या पागेत जमादार होते. संस्थान विलीन झालं, पागेत सरकारी गोदाम आलं, आणि आबांनी पिठाची गिरणी घातली. गिरणीच्या पट्ट्याकडेसुद्धा ते असे बघत, की तो केव्हाही उधळेल.

आबांची शिकवण पागेतली. मागे रेलून बसायचं, लगाम उचलून ताठ धरायचा, की घोडं रवाल चालीला लागतं. पाय असे पडतात की स्वाराच्या हातातला पेला हिंदकळत नाही. जितका लगाम ताठ, तितकी चाल पक्की. थांबवायचं झालं तर लगाम मानेवर सोडून द्यायचा. असं का, हे मी लहानपणी विचारलं होतं. आबा म्हणाले, "स्वार जखमी झाला, पडला, तर त्याच्या हातून पहिल्यांदा काय सुटतं? लगाम. मग घोड्यानं थांबायला नको का धन्याजवळ?"

कॅप्टन मोकाशी लष्करातून निवृत्त होऊन गावात आले आणि त्यांनी अश्वारोहण मंडळ काढलं. त्यांची शिकवण नेमकी उलटी. सरळ बसा. पोटऱ्यांनी दाबा, लगाम सैल द्या, घोडा चालेल. लगाम ओढा, घोडा थांबेल. असं का, हे मी त्यांनाही विचारलं होतं. ते म्हणाले, "मिस खलाटे, घाबरलेला माणूस काय करतो? हातात येईल ते ओढतो. मग ओढल्यावर घोडा थांबायला नको का?"

दोघांचंही बरोबर होतं. सगळी पंचाईत तीच होती.

मंडळानं मुलींसाठी स्वतंत्र वर्ग काढला होता. त्यात मी एकटीच होते. त्यामुळे दोन्ही शाळांतून शिकलेली गावात मी एकच. घरी चिमणीवर लगाम उचलायचा, मैदानावर मंडळाच्या घोड्यावर सोडायचा. मला कधी अडचण आली नाही. माणसानं मराठीही बोलावं आणि कानडीही बोलावं, तसंच ते.

सव्वीस जानेवारीच्या कवायतीला कलेक्टर येणार होते, आणि मंडळात नव्यानं दाखल झालेल्या परचुऱ्यांसाठी एक घोडा कमी पडत होता. मोकाश्यांनी गावात विचारणा केली. तर आबांनी, ज्यांनी मोकाश्यांना समोरासमोर कधी रामराम घातला नव्हता, आपणहून चिमणी पाठवून दिली. मला भरून आलं. आईला म्हटलं, "बघ, आबा किती मोठ्या मनाचे आहेत."

आई भाकरी थापत होती.  तिनं भाकरी जरा जोरात थापली.

बाजारातून मी तशीच मैदानावर गेले. परचुरे खुर्चीवर बसून गुडघ्याला हळद लावून घेत होते. मोकाशी चिमणीसमोर उभे होते, हात मागे बांधून, जणू समोर उशिरा आलेला शिपाई होता.

"सर, तिची चूक नाही," मी म्हटलं. "तिला आबांनी पागेच्या पद्धतीनं शिकवलंय. लगाम ओढला की ती चालते. सोडला की थांबते. परचुरेसाहेबांनी ओढला, म्हणून ती चालली."

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवशी खोगीर घातलं तेव्हाच कळलं. मी काय काल घोडा पाहिला?"

"मग परचुरेसाहेबांना सांगायचं ना!"

"काय सांगायचं?" मोकाशी शांतपणे म्हणाले. "की ही एक घोडी उलटी आहे, हिच्यापुरतं उलटं वागा? उद्या एक शिपाई म्हणेल, मला डावीकडे म्हटलं की मी उजवीकडे वळतो. सगळ्या फलटणीनं त्याच्यासाठी वळायचं? घोडी बदलेल, मिस खलाटे. फलटण नाही."

"चार दिवसांत?"

"घोडा चार दिवसांत शिकतो. माणसाला वेळ लागतो."

"आपण आधी मला सांगितलं असतंत तर मी मोसंब्यांपासून तरी सावध राहिलो असतो," परचुरे म्हणाले. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेज होतं. संध्याकाळी मी मैदानावर पोचले तेव्हा चिमणी झाडाला बांधलेली होती आणि समोर घातलेला घास तसाच पडला होता. मी जवळ गेले. तिनं मान वर उचलून मागे घेतली. माझ्यापासून. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती आणि लाळ लाल होती.

लगाम शेजारीच खुंटीला होता. मी तो हातात घेतला. तोंडात जाणारी कडी, आम्ही तिला कडियाळं म्हणतो, आमची गुळगुळीत होती. ही काटेरी होती. आतल्या बाजूनं दातेरी, नारळ खवायच्या खवणीसारखी.

मोकाशी मागून आले. "उद्यापर्यंत येईल ताळ्यावर. आज सुधारणा आहे."

"काय सुधारणा?"

"आज ती थांबली. एकदा."

"रक्त आल्यावर?"

"मिस खलाटे, हे शिक्षण आहे. मी औषध लावलंय."

 मी त्यांना काय म्हणाले ते मला आठवत नाही. तिथे हजर असलेले परचुरे पुढे पुष्कळ वर्षं ते माझ्याकडे बघून आठवत असत आणि हसत असत, म्हणजे फार सभ्य नसणार. मोकाशी एवढंच म्हणाले, "घोडी तुमच्या वडिलांची आहे. त्यांनी दिली आहे. त्यांनी परत मागितली तर देईन."

साधी गोष्ट होती. मी पळतच घरी गेले.

ओसरीवर मैफल भरली होती. आबा, त्यांचे पागेतले जुने सोबती तुकाराम नाना आणि आणखी दोघं-तिघं. आबा उठून उभे होते, मागे रेलून, दोन्ही हात छातीशी घेऊन, आणि परचुऱ्यांच्या आवाजात ओरडत होते, "थांब! अगं थांब!" नाना हसून हसून डोळे पुसत होते.

"आबा, चिमणीचं तोंड फाडलंय. काटेरी कडियाळं घातलंय तिला. रक्त येतंय."

"मोकाशीनं?" आबा खाली बसले. चेहऱ्यावरचं हसू काही गेलं नाही. "नाना, ऐकलंत? काटेरी कडियाळ्यावर आला गडी! आठ दिवसही टिकला नाही."

"हरला म्हणायचा," नाना म्हणाले.

"हरला! लष्कराचा सगळा दिमाख एका तट्टानं उतरवला. आज बघितलंत ना, स्वतः बसला होता. ओढतोय, ओढतोय, आणि चिमणी चाललीय. काय रवाल होती! तोडच नाही."

मला तेव्हा उमगलं. मैदानाच्या कडेला एक बुटकी दगडी भिंत होती. हा आठवडाभर आबा रोज तिथे जाऊन बसत होते. मी समजत होते, चिमणीची आठवण येते म्हणून.

"तुम्हाला माहीत होतं असं होणार?"

"घोडी माझी. मला नाही तर कोणाला माहीत असणार?"

"मग त्यांना सांगितलं का नाही?"

"त्यानं विचारलं?" आबा म्हणाले. "येऊन एक शब्द विचारला असता, दौलतराव, या घोडीला कसं सांगायचं, तर मी सगळं सांगितलं असतं. पण यानं गावात आल्यापासून पागेची पद्धत म्हणजे अडाणीपणा, असं दहा जणांत बोलून दाखवलंय. आता बोल म्हणावं."

"आबा, तिचं तोंड."

"अगं, घोड्याचं तोंड म्हणजे काय गुलाबाची पाकळी आहे? भरून येतं. सव्वीस तारीख होऊ दे, मग आणू घरी."

"आत्ता आणा. ते द्यायला तयार आहेत. तुम्ही मागितली की देतो म्हणालेत."

आबांचं हसू तेव्हा गेलं. "मी मागायची? म्हणजे मी हरलो असं होईल, कुमे."

आणि नानांनी मान हलवली, की हे मात्र बरोबर आहे.

मी आत गेले. आई चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, त्या घरात न ऐकू जाणारं काहीच नव्हतं. "यांच्या पागेत घोडे शहाणे होते," ती म्हणाली. "म्हणून चाललं इतकी वर्षं."

सव्वीस जानेवारीला सकाळी मोकाशी दारात आले. आबा मुद्दाम परसात जाऊन बसले. परचुऱ्यांनी चिमणीवर बसायला नकार दिला होता. लेखी दिला होता, ते बँकेचे होते. दुसरंही कोणी तयार नव्हतं.

"तुम्ही बसा," मोकाशी मला म्हणाले. "तुमच्याखाली ती शांत राहते. पण इशारे माझे. कलेक्टरांच्या मंडपासमोर येऊन लगाम ओढायचा आणि थांबवायचं. काटेरी कडियाळ्यावर ती आता थांबते. एवढं एकदा नीट झालं, की बस."

"बरं," मी म्हटलं.

ते गेल्यावर आबा परसातून आले. "काय म्हणतोय?"

मी सांगितलं.

आबांच्या डोळ्यांत चमक आली. "थांबवू नकोस. मंडपासमोर आलीस की मागे रेल आणि लगाम उचल. अशी रवाल दाखव, की कलेक्टर खुर्चीवरून उठला पाहिजे. त्या मोकाशीच्याच मैदानावर, त्याच्याच लगामानं. मी भिंतीवर आहेच."

"बरं," मी म्हटलं.

मैदान भरलं होतं. पताका, बँड, शाळेची मुलं, मंडपात कलेक्टर आणि त्यांच्या शेजारी मोकाशी, छातीवर पदकं लावून. पलीकडे भिंतीवर आबा आणि पागेतली सगळी म्हातारी मंडळी, फेटे बांधून. मी चिमणीवर चढले. लगाम हातात घेतला, नुसता घेतला, ओढलासुद्धा नाही, तर तिच्या सगळ्या अंगातून एक थरथर माझ्या मांड्यांपर्यंत आली. तिला कळत नव्हतं. लगाम उचलला की चालायचं हे तिला आयुष्यभर माहीत होतं, आणि चाललं की तोंड फाटतं हे चार दिवसांत कळलं होतं. ती दोन्हींच्या तयारीनं उभी होती.

त्या मैदानात सांगितलेलं मुकाट्यानं करणारी ती एकटीच होती. मार तिलाच बसला होता.

काटे टोचणार नाहीत इतपतच लगाम उचलून, मानेवर हात थोपटत, जिभेनं चुचकारत मी तिला मंडपापर्यंत आणलं. मोकाश्यांनी मूठ छातीशी ओढून दाखवली. ओढ. भिंतीवर आबांनी दोन्ही मुठी छातीशी घेतल्या. उचल. दोघांच्या खुणा लांबून अगदी सारख्या दिसत होत्या. दोघांनाही तेच हवं होतं. मी ते काटे तिच्या तोंडात ओढावेत, एवढंच.

मी लगाम तिच्या मानेवर टाकला. ती थांबली. मी खाली उतरले, तिच्या कानामागून पट्टा काढला, कडियाळं अलगद तोंडाबाहेर घेतलं आणि तो सगळा लगाम तिथे मातीत टाकला. मग आयाळ धरून तिला घेऊन मैदानातून चालायला लागले.

बँड वाजतच होता. कलेक्टरांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. मोकाश्यांनाही वाजवाव्या लागल्या.

घरी आई दारात उभी होती. चिमणीची जुनी सुताची म्होरकी, जिला कडियाळं नसतं ती, तिच्या हातात होती आणि फडक्यात भाकरी बांधलेली. "माझ्या भावाकडे जा," ती म्हणाली. "नदीपलीकडे. इथलं मी बघते."

"आबा?"

"ते भिंतीवरून उतरेपर्यंत तू पूल ओलांडशील."

भिकूमामाची वस्ती उसाच्या मळ्यात होती.  मामानं चिमणीला गोठ्यात बांधली, तोंड बघितलं, एक शिवी दिली आणि हळद-लोण्याची वाटी घेऊन आला. कोंडा पातळ भिजवून आम्ही तिला हातानं चारत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फाटकाशी मंडळाची जीप उभी राहिली. पुढच्या सीटवर मोकाशी. आणि त्यांच्या शेजारी आबा.

मी डोळे चोळून बघितलं. मोकाशी उतरले आणि आबांसाठी दार धरलं. आबा म्हणाले, "राहू द्या, राहू द्या कॅप्टन." आणि दोघं बरोबरीनं चालत आले, व्याही यावेत तसे.

"या दाजी," मामा म्हणाला. "पाणी घ्या."

"पाणी मागाहून," आबा म्हणाले. "कुमे, काय चालवलंयस हे? भर मैदानात, पाहुण्यांसमोर? कॅप्टनसाहेबांची काय शोभा झाली, कळतंय?"

"दौलतरावांचीही झाली," मोकाशी म्हणाले. "जुन्या पागेचं नाव आहे त्यांचं."

"पोरीला वळण नाही. मीच लाडावून ठेवली."

"नाही, नाही, तुमचा दोष नाही. मुली ऐकत नाहीत हल्ली."

इतका राग मला आधीही आला नव्हता. हे दोघं आठवडाभर एका मुक्या जनावराच्या तोंडातून एकमेकांशी भांडले, आणि त्यांचा समेट झाला तो माझ्यावर चिडण्यावरून.

"घोडी न्यायला आलोय," आबा म्हणाले. त्यांच्या हातात लगाम होता. घरचा, गुळगुळीत कडियाळ्याचा. "चल, आण तिला बाहेर."

"तुम्हीच आणा."

आबा गोठ्यात शिरले. त्यांनी तोंडानं तो आवाज केला, जो ऐकून ती शिंगरू असल्यापासून धावत येत असे. ती आली नाही. भिंतीला लागून उभी राहिली. आबांनी लगाम पुढे केला. तिनं मान इतकी वर उचलली की आढ्याला कान लागले, आणि दात घट्ट मिटले.

"काय गं, मला ओळखत नाहीस?" आबा हसत म्हणाले. पागेत तोंड न उघडणारे घोडे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. त्यांनी सराईतपणे तिच्या ओठाच्या कोपऱ्यात अंगठा सारला, दात नसलेल्या जागी, जिथे दाबलं की घोडं तोंड उघडतं.

चिमणी किंचाळली. घोडी किंचाळते तेव्हा ते ऐकायला नको असतं.

आबांनी अंगठा बाहेर काढला. त्याच्याकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी हळूच तिचा ओठ वर केला आणि आत बघितलं. हिरडी उलली होती, जिभेच्या कडेला खोल चीर होती. इतके दिवस ते भिंतीवर बसून तिची चाल बघत होते. तोंड त्यांनी पहिल्यांदा बघितलं.

 मामा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच थबकला.

"मी औषध लावलं होतं," मोकाशी मागून म्हणाले.

आबा वळले. मला वाटलं, आता ते मोकाश्यांना काहीतरी म्हणतील. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा आवाज चढलेला होता.

"एवढं झालं होतं, तर मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं, आबा," मी म्हटलं. "तुम्ही हसत होतात."

 मामानं तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. लगाम हातात गुंडाळत ते बाहेर आले, माझ्या शेजारून गेले आणि जीपमध्ये जाऊन बसले, या खेपेला मागच्या सीटवर.

"घरी कधी येणार, विचारा तिला," ते मामाला म्हणाले.

"तोंड बरं झालं की," मी म्हटलं. "आणि लगाम घालायचा नाही असं ठरलं की."

"बिनलगामाची घोडी?" मोकाशी आणि आबा एकदमच म्हणाले. त्या बाबतीत दोन्ही शाळांचं एकमत होतं.

 मोकाश्यांनी जीप सुरू केली. मळ्याच्या वळणापर्यंत रस्ता खराब होता, जीप हळू जात होती, आणि आतलं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं. आबा म्हणत होते, काटेरी कडियाळं घातलं कोणी. मोकाशी म्हणत होते, ते घालायची वेळ आणली कोणी. वळणाशी गेले तरी चाललंच होतं.

मी फाटक लावून घेतलं, आणि आतून कडीही घातली.